उभी गाडी रोज खाते



दुकानाला कुलूप लावले तरी भाडे, विजेचा स्थिर आकार आणि नोकराचा पगार सुरूच राहतो, हे आपणा सर्व व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. पण गाडीच्या बाबतीत आपली समजूत नेमकी उलटी असते. गाडी चालली तर डिझेल, टोल, टायर, दुरुस्ती असा खर्च होतो. उभी राहिली तर काहीच लागत नाही, असे आपण धरून चालतो. "असू द्या उभी, खायला थोडीच मागते?" हे वाक्य मी आपल्या बाजारात शेकडो वेळा ऐकले आहे आणि स्वतःही बोललो आहे. सदर लेख ही माझी चूक कबूल करण्यासाठी आणि दुसऱ्या कोणी ती करू नये म्हणून लिहीत आहे.

निगडीची ट्रान्सपोर्टनगरी, भोसरी एमआयडीसीतील आतले रस्ते, मोशीपासून चाकणपर्यंतचा नाशिक रस्ता, तळेगावकडे जाणारी बाजू, कोठेही फिरून पाहा. चाकांपर्यंत गवत वाढलेले ट्रक आणि टेम्पो दिसतील. ज्या भागात टेल्कोने 1960 च्या दशकात कारखाना सुरू केला, ज्या आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीमुळे 'टेम्पो' हा शब्दच मराठीत रुजला, त्याच भागात आपण गाडी सांभाळायला शिकलो नाही, ही खेदाची गोष्ट आहे. गाडी चालवणे सर्वांना येते, परंतु गाडी नीट उभी करणे हेही एक काम आहे, हे कोणी सांगत नाही.

माझी स्वतःची हकीकत

माझा धंदा कापडाचा. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीहून माल आणायचा, आणि भोसरी-चाकणच्या कारखान्यांना कामगारांच्या गणवेशाचे कापड व यंत्रे पुसण्याचे बनियन वेस्ट पुरवायचे. त्यासाठी एक 407 ठेवली होती. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा गाडी नुकतीच मालेगावहून आली होती. चिखलीकडच्या एका ओळखीच्या मोकळ्या प्लॉटवर ती उभी केली. घाई अशी होती की हौद्यात आठ-दहा गठ्ठे तसेच राहिले. टाकी अर्धी होती. ड्रायव्हरने सवयीप्रमाणे हँडब्रेक ओढला, चावी माझ्या हातात दिली आणि तो गावी गेला.

एप्रिल-मे कडक उन्हात गेले. जूनपासून पाऊस. जुलैच्या मध्यावर पुणे आणि पिंपरी-चिंचवडला पुन्हा दहा दिवसांची टाळेबंदी झाली. मी मधून दोनदा गेलो, सेल्फ मारून पाच मिनिटे इंजिन चालू ठेवले आणि समाधानाने घरी परतलो. तिसऱ्या वेळी सेल्फ लागला नाही. ऑक्टोबरमध्ये कारखान्यांकडून मागणी सुरू झाली तेव्हा ट्रॅक्टर लावून गाडी ओढली, इंजिन धडधडत सुरू झाले. मागची चाके सुरुवातीला फिरेनात, फरपटत गेली आणि मग एकदम सुटली. आम्ही 'अलहम्दुलिल्लाह' म्हटले. नवी बॅटरी टाकली, हवा भरली आणि तिसऱ्या दिवशी कापडाचे गठ्ठे घालून गाडी चाकणला रवाना केली.

मोशीच्या पुढे, इंद्रायणीच्या पुलाकडील उतारावर ब्रेकचे पेडल खाली गेले आणि तेथेच राहिले. पुढे एक दुचाकी होती. नवरा-बायको आणि मध्ये लहान मूल. ड्रायव्हरने गिअर खाली आणला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डाव्या बाजूच्या मातीत घातली. गाडीचे नाक फुटले, चार गठ्ठे चिखलात गेले. माणसाला ओरखडाही आला नाही, हा अल्लाहचा करम. त्या दुचाकीवाल्याला तर मागे काय घडले हे कळलेही नसेल. पण मला आजही ते मूल दिसते.

मिस्त्रीने चाके उघडून दाखवली. ब्रेक ऑइल काळपट झाले होते. चाकांतले ब्रेकचे छोटे सिलिंडर आतून गंजले होते आणि त्यातील रबराचे वायसर कडक होऊन फाटले होते. तो म्हणाला, "शेठ, तुम्ही गाडी सुरू केली. तयार कुठे केली?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. सहा-सात महिने उभ्या राहिलेल्या गाडीवर मी ड्रायव्हरला बसवले आणि रस्त्यावर पाठवले, ती जबाबदारी ना ड्रायव्हरची, ना मिस्त्रीची. ती माझीच होती.

उभ्या गाडीत काय बिघडते?

त्या मिस्त्रीकडून, आणि नंतर इतर जाणकारांकडून मी जे शिकलो ते येथे क्रमाने देतो. आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण माझ्यासारखेच उर्दू शाळेत झाले. गाडीबरोबर येणारे इंग्रजी पुस्तक आपण कधी उघडत नाही. म्हणून सोप्या शब्दांत लिहितो.

पहिली गोष्ट बॅटरी. बॅटरी काम नसतानाही हळूहळू उतरते आणि उन्हाळ्यात लवकर उतरते. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर कडक थर बसतो, आणि मग कितीही चार्ज करा, ती पूर्वीसारखी होत नाही. पूर्ण भरलेली 12 व्होल्टची बॅटरी स्वस्थ असताना साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. आकडा 12.4 च्या खाली गेला की चार्जिंगला लावावी. मी जे पाच मिनिटे इंजिन चालवत होतो त्याने नुकसानच झाले. सेल्फ मारताना जेवढी वीज गेली तेवढी पाच मिनिटांत परत भरत नाही. शिवाय इंजिन पुरेसे तापत नसल्याने आत तयार होणारे पाणी उडून जात नाही, ते ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये राहते. चालवायची तर गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणावी, नाहीतर सुरूच करू नये.

दुसरी गोष्ट डिझेल. टाकी अर्धी रिकामी असली की रिकाम्या जागेत दमट हवा असते. रात्री टाकीचा पत्रा थंड झाला की त्या हवेतील पाणी आतल्या बाजूला घामासारखे धरते आणि डिझेलच्या तळाशी जाऊन बसते. पाणी आणि डिझेल जेथे मिळतात तेथे बुरशीसारखी काळी, बुळबुळीत घाण तयार होते. गाडी सुरू झाल्यावर हीच घाण फिल्टरमध्ये अडकते. आणखी पुढे गेली तर पंप आणि नोझल खराब होतात, आणि नव्या गाड्यांत हे भाग फार महाग आहेत.

तिसरी गोष्ट टायर. एकाच जागी महिनोन्महिने वजन पडले की टायरचा खालचा भाग चपटा होतो. हवा कमी होत गेली की बाजूची भिंत दुमडते, उन्हाने रबराला भेगा पडतात. नक्षी शाबूत दिसते म्हणून आपण फसतो. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष दाखवतात. 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. उभ्या गाडीचा टायर कमी पळाला असेल, पण वयाने म्हाताराच असतो.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ब्रेक. 407 सारख्या गाडीत ब्रेक ऑइल असते आणि ते हवेतील ओल शोषून घेते. ओल आली की आतून गंज. मोठ्या ट्रकमध्ये ब्रेक हवेवर चालतात. तेथे हवेच्या टाक्यांत पाणी साचते आणि ते काढले नाही तर वाल्व गंजून अडकतात. दोन्ही प्रकारांत पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी ठेवली की लायनर ड्रमला गंजाने चिकटते. मग जोर लावून ओढली की लायनर तुटते किंवा उखडते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. क्लचप्लेटसुद्धा अशीच चिकटून बसते.

पाचवी गोष्ट उंदीर. हसण्यासारखी नाही. वायरिंगचे आवरण, रबरी नळ्या, सीटचा काथ्या, सर्व कुरतडतात. आपल्या धंद्यात हौद्यात कापड किंवा वेस्ट राहिले तर आपण त्यांना घरच बांधून देतो. कुरतडलेल्या वायरीमुळे गाडी सुरू करतानाच आग लागू शकते.

ज्यांच्याकडे एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्या आहेत त्यांच्यापैकी पुष्कळांना युरियाचे द्रावण भरावे लागते. तेही टिकाऊ नाही. 25 अंशांच्या आसपास ते दीड वर्ष राहते, पण 35 अंशांच्या उष्णतेत सहा महिन्यांत खराब होऊ लागते आणि नळीत पांढरे खडे धरतात. या गाड्यांत चावी बंद केल्याबरोबर बॅटरीची वायर काढू नये. काही मिनिटे थांबावे, कारण तेवढ्या वेळात यंत्रणा नळीतील द्रावण परत टाकीत ओढून घेत असते.

गाडी उभी करण्याची रीत

महिनाभरापेक्षा जास्त गाडी उभी राहणार असेल तर एवढे करावे. हौदा पूर्ण रिकामा करून झाडून घ्यावा. टाकी भरून ठेवावी आणि चोरीची भीती असेल तर कुलपाचे झाकण बसवावे. ऑइल जुने झाले असेल तर उभी करण्यापूर्वीच बदलावे. सर्वत्र ग्रीसिंग करावे. जमीन सपाट आणि कोरडी निवडावी, चाकांपुढे-मागे लाकडी ठोकळे लावावेत, गिअरमध्ये ठेवावी आणि हँडब्रेक सोडून द्यावा. ज्या मोठ्या ट्रकमध्ये हवा उतरली की मागचा ब्रेक आपोआप बसतो, तेथे मिस्त्रीला विचारून काय ते करावे. हवेच्या टाक्यांतील पाणी काढावे. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी, महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करावी. टायरमध्ये पूर्ण हवा ठेवावी आणि पंधरा दिवसांनी गाडी चार-पाच फूट पुढे-मागे ढकलावी, म्हणजे वजन टायरच्या दुसऱ्या भागावर येते. ताडपत्री झाकताना खालून हवा खेळती राहील असे पाहावे. चहूबाजूंनी गुंडाळले तर आत घाम धरतो.

गाडी पुन्हा काढताना आधी तळाचे पाणी काढावे, डिझेल फिल्टर बदलावा, ऑइल व कूलंट पाहावे, वायरिंग डोळ्यांनी तपासावे. चारही चाके उघडून ब्रेक पाहिल्याशिवाय आणि रिकामी गाडी मोकळ्या जागेत चालवून ब्रेक मारून पाहिल्याशिवाय तिच्यात माल आणि माणूस बसवू नये. हे सर्व एका दिवसाचे काम आहे. मी ते वाचवायला गेलो आणि पुढे तीन आठवडे गाडी गॅरेजमध्ये राहिली.

कागद थांबत नाहीत

टाळेबंदीत सरकारने 1 फेब्रुवारी 2020 नंतर संपलेल्या वाहनांच्या कागदांना मुदतवाढ दिली, ती पुढे 2021 पर्यंत वेळोवेळी वाढली. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट 2020 या काळात हप्ते लांबवण्याची सवलत दिली. हप्ता लांबला तरी त्यावरील व्याज थांबले नव्हते, हे अनेकांना नंतर कळले. ती सवलत त्या काळापुरती होती. आज गाडी उभी ठेवली म्हणून पासिंगची तारीख पुढे सरकत नाही. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचे आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग लागते. पंधरा वर्षांवरील गाड्यांचे पासिंग शुल्क एप्रिल 2022 पासून कित्येक पटींनी वाढले आहे. विम्याबाबतही गैरसमज आहे. रस्त्याच्या कडेला उभी गाडी सार्वजनिक जागीच असते. रात्री कोणी तिच्यावर येऊन आदळला आणि विमा संपलेला असला, तर भरपाईचा बोजा मालकाच्या घरावर येऊ शकतो.

ज्या गाडीचा कर दरवर्षी भरावा लागतो, ती वापरात राहणार नसेल तर 1958 च्या मोटार वाहन कर कायद्याप्रमाणे आरटीओला आगाऊ सूचना देऊन त्या काळाच्या करातून सूट मागता येते. गाडी कोठे ठेवली आहे ते लिहून द्यावे लागते. सूचना आधी द्यायची असते. नंतर जाऊन "गाडी बंद होती हो" म्हटल्याने काही होत नाही.

वारसांच्या भांडणात सडणाऱ्या गाड्या

आता जी गोष्ट लिहिणार आहे ती काहींना झोंबेल, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. आपल्या भागात उभ्या असलेल्या गाड्यांपैकी अनेक गाड्या मंदीमुळे उभ्या नाहीत. त्या वारसांच्या भांडणामुळे उभ्या आहेत.

माझ्या ओळखीच्या एका घरात वडिलांचा दहा चाकी ट्रक होता. वडील वारले. मागे आई, तीन भाऊ, दोन बहिणी. थोरला म्हणे, मी चालवतो. मधला म्हणे, विका. धाकट्याचा थोरल्यावर विश्वास नाही. ट्रक चाकणजवळ एका शेताच्या कडेला उभा राहिला. पहिल्या वर्षी बऱ्या भावाचे गिऱ्हाईक आले होते, एका भावाने सही दिली नाही. दुसऱ्या वर्षी बॅटऱ्या आणि स्टेपनी चोरीला गेली. तिसऱ्या पावसाळ्यानंतर ट्रक वजनावर भंगारात गेला. शरीयतप्रमाणे त्यात आईचा आठवा हिस्सा होता आणि दोन्ही बहिणींचे हिस्से होते. एक बहीण विधवा आहे. तिच्या हातात जे पैसे पडले त्यात मुलाची एका वर्षाची फीसुद्धा निघाली नाही. भाऊ एकमेकांना दोष देतात. बहिणीला मात्र कोणी विचारलेच नव्हते.

घर आणि जमीन वीस वर्षे भांडत ठेवली तरी तिची किंमत बहुधा वाढते. गाडीचे तसे नाही. म्हणून वाटणीत सर्वांत आधी गाडीचा निकाल लावावा. निकाल लागत नसेल तर एका विश्वासू माणसाला ती भाड्याने चालवायला द्यावी आणि दर महिन्याचे भाडे हिश्श्याप्रमाणे वाटावे. कायदाही सोयीचा आहे. मालक वारल्यापासून 30 दिवसांत आरटीओला कळवले तर ताबा असलेला वारस तीन महिने गाडी वापरू शकतो आणि त्या तीन महिन्यांत नमुना 31 भरून नाव बदलण्याचा अर्ज करायचा असतो. 2021 पासून तर नोंदणी पुस्तकात नामनिर्देशन करण्याचीही सोय झाली आहे. अर्थात नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे एकटा मालक नव्हे. कागद त्याच्या नावावर झाला तरी बाकीच्यांचे हिस्से त्याच्याकडे अमानतच राहतात.

विकायला लाज कसली?

काही बंधू म्हणतात, "आज विकली तर नुकसान होईल, बाजार सुधारू द्या." हे कापडात कधीकधी खरे ठरते, मीही तागे दाबून ठेवले आहेत. पण तागा गोदामात कोरडा राहिला तर तो तागाच राहतो. गाडी दर महिन्याला उतरते. त्यातच 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू वाहनांवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुन्या गाडीला गिऱ्हाईक तेवढ्या भावात मिळत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये चिखली-कुदळवाडीत महापालिकेने केलेल्या कारवाईत भंगाराची शेकडो गोदामे गेली. जुने सुटे भाग स्वस्तात शोधून देणारी जी माणसे आपल्या हाकेच्या अंतरावर होती, ती विखुरली. जुनी गाडी पुन्हा उभी करणे तेव्हापासून आणखी अवघड झाले आहे.

खरे कारण वेगळेच असते. दारात गाडी उभी असली की मोहल्ल्यात इज्जत राहते, विकली तर लोक म्हणतील की शेठ बसला. या लोकलाजेपायी आपण हजारोंचे नुकसान करतो. उलेमा सांगतात की कामाच्या हत्यारावर जकात नाही. मग ते हत्यार कामात तरी असावे. जे तिजारतीत नाही आणि कोणाच्या उपयोगातही नाही, ते गंजत ठेवणे हा इसराफ नाही तर काय?

माझे म्हणणे थोडक्यात असे. गाडी महिन्यात आठ दिवसही लागत नसेल तर ती ठेवू नये, भाड्याने गाडी करावी. किंवा दोन-तीन व्यापाऱ्यांनी मिळून एक गाडी ठेवावी, लेखी करार करावा आणि वार वाटून घ्यावेत. मी 407 दुरुस्त करून विकली आणि आता एका शेजारी व्यापाऱ्याबरोबर भागीत छोटा हत्ती चालवतो. त्याचे काम चार दिवस, माझे दोन दिवस. गाडी रविवारखेरीज थंड होत नाही.

एक मागणी शासनाकडेही आहे. चाकण आणि तळेगावच्या औद्योगिक भागात हजारो गाड्या येतात, पण त्या उभ्या करण्यासाठी दिवे, पहारा आणि पक्की जमीन असलेले तळ पुरेसे नाहीत. एमआयडीसीने आणि महापालिकेने माफक भाड्यात असे तळ द्यावेत. ते मिळेपर्यंत मात्र आपली गाडी रस्त्यावर सोडून देण्याचा आपल्याला हक्क मिळत नाही. रस्त्यातली इजा देणारी वस्तू बाजूला करणे हा ईमानचा भाग आहे, असे आपण लहानपणी मदरशात शिकलो. अंधारात, दिव्याशिवाय उभा असलेला ट्रक याहून मोठी इजा कोणती?

ज्या बंधूंची गाडी आज कोठे उभी आहे त्यांनी येत्या जुम्यानंतर एकदा जाऊन ती पाहावी. सेल्फ मारू नये. बॉनेट उघडावे, टायरवर हात फिरवावा, कागदांच्या तारखा वाचाव्यात. आणि गाडी वडिलांची असेल तर परतताना बहिणीच्या घरी जाऊन तिचे मत विचारावे. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो. आमीन.